पाइपावरची अक्षरे वाचायला शिकू या

गावात नळयोजनेची नवी लाइन येते. मशिदीच्या हौदासाठी बोअरवेलपासून पाइप टाकायचा असतो. एखादे कुटुंब मरहूम वडिलांच्या नावाने वस्तीला पाण्याची सोय करून देते. अशा वेळी जमातीच्या बैठकीत बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात. पाइप किती इंची आणि किती रुपये फूट? तो कोणत्या ग्रेडचा आहे, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. खरे म्हणजे सगळे काम याच प्रश्नावर टिकते किंवा बुडते. पाइप एकदा जमिनीत गेला की त्याच्यावरचा मजकूर वाचायची संधी पुन्हा मिळत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही पाण्याच्या काळ्या पाइपाची आणि गॅसच्या पिवळ्या पाइपाची ओळख करून देत आहोत.

हे दोन्ही पाइप पॉलिथिलीन नावाच्या एकाच प्लास्टिकचे असतात. १९३३ साली इंग्लंडमधील नॉर्थविच येथे एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ते प्रथम हाती लागले. पुढे १९५३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल त्सिगलर यांनी कमी दाबाखाली अधिक घट्ट पॉलिथिलीन बनवण्याची रीत शोधली. त्यातूनच आजचे एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचे पॉलिथिलीन, घडले. घनता थोडी कमी ठेवली की एमडीपीई होते. दुकानदार ‘एचडीपीई आहे’ एवढे सांगून थांबतो. पण घनता म्हणजे ताकद नव्हे. ताकद कळण्यासाठी ग्रेडचा आकडा पाहावा लागतो.

६३, ८० आणि १०० म्हणजे काय?

पाइपावर ‘पीई ६३’, ‘पीई ८०’ किंवा ‘पीई १००’ असे छापलेले असते. हा आकडा इंचाचा नाही आणि किमतीचाही नाही. पाण्याने भरलेला पाइप २० अंश सेल्सिअस तापमानात सतत ५० वर्षे दाबाखाली ठेवला, तर त्याच्या भिंतीतील प्लास्टिक किमान किती ताण सोसेल, हे तो सांगतो. पीई १०० म्हणजे १० मेगापास्कल, पीई ८० म्हणजे ८ आणि पीई ६३ म्हणजे ६.३ मेगापास्कल.

५० वर्षे थांबून कोणी पाहिले, असा प्रश्न मुले नक्की विचारतील. तेवढे थांबावे लागत नाही. पाइपाचे तुकडे वेगवेगळ्या दाबांखाली आणि ८० अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात वर्षाहून अधिक काळ ठेवतात. उष्णतेत प्लास्टिक लवकर थकते. ते किती लवकर थकले, यावरून साध्या तापमानाला ५० वर्षांनी काय होईल याचे गणित मांडतात. ५० वर्षांनी पाइप फुटलाच पाहिजे, असा मात्र याचा अर्थ नाही. हिशेबासाठी धरलेली ती मुदत आहे.

या ताकदीचा पुरेपूर वापर कोणी करत नाही. पाण्यासाठी ती किमान सव्वाने भागतात. म्हणजे पीई १०० कडून १० ऐवजी ८ मेगापास्कलचेच काम घेतात. गॅससाठी ती किमान दोनने भागतात, कारण पाणी गळले तर चिखल होतो आणि गॅस गळला तर घर जाऊ शकते.

‘किलो’चा हिशेब

आपल्याकडे शेतकरी आणि प्लंबर ‘सहा किलोचा पाइप’, ‘दहा किलोचा पाइप’ असे म्हणतात. हे पाइपाचे वजन नव्हे. दर चौरस सेंटिमीटरवर तो किती किलोचा दाब सोसतो, ते हे माप आहे. एक किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ. टेकडीवरची टाकी वस्तीपेक्षा ४० मीटर उंच असेल तर खालच्या पाइपावर नुसत्या उंचीमुळेच सुमारे चार किलोचा दाब येतो. पंप सुरू-बंद होताना बसणारे धक्के वेगळेच.

हा दाब दोन गोष्टींवर ठरतो. एक ग्रेड आणि दुसरी भिंतीची जाडी. बाहेरच्या व्यासाला जाडीने भागले की येणाऱ्या आकड्याला एसडीआर म्हणतात. ११० मिलिमीटरचा पाइप १० मिलिमीटर जाड असेल तर एसडीआर ११. हा आकडा जितका मोठा, तितका पाइप पातळ.

आता हे पाहा. ११० मिलिमीटरचा, दहा किलो दाबाचा पाइप हवा आहे. पीई ६३ असेल तर भिंत १० मिलिमीटर लागते, पीई ८० असेल तर ८.१ आणि पीई १०० असेल तर ६.६ मिलिमीटर पुरते. चांगल्या ग्रेडमध्ये कमी प्लास्टिक लागते आणि पाण्याला आत जागाही जास्त मिळते.

पण लबाडीची वाटही इथूनच निघते. पाइपावर पीई १०० छापायचे, भिंत ६.६ ची करायची आणि आतला माल हलका भरायचा. डोळ्यांना दोन्ही पाइप सारखेच दिसतात. हलका पाइप पहिल्या दिवशी फुटत नाही. दोन-चार उन्हाळे गेल्यावर, कंत्राटदाराचे बिल निघून गेल्यावर तो फुटतो.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे आणि आतले भिजलेले होते. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यातला मानले नाही. पाइपाच्या पोटात भंगार भरून वर शिक्का मारणे हाही तोच ओला ढीग आहे.

ऊन आणि तापमान

२० अंशांचे माप थंड देशांना ठीक आहे. आपल्याकडे उघड्यावरचा पाइप उन्हाळ्यात त्याहून कितीतरी जास्त तापतो. आंतरराष्ट्रीय कोष्टकानुसार ३० अंशांवर पाइपाची दाब सोसण्याची क्षमता ८७ टक्के आणि ४० अंशांवर ७४ टक्के धरतात. म्हणजे दहा किलोचा पाइप ४० अंशांवर सात-साडेसात किलोचाच उरतो. म्हणून शक्य तेथे पाइप जमिनीखाली न्यावा आणि गच्चीवर किंवा खडकाळ जागी उघडा ठेवावाच लागला तर एक पायरी वरचा घ्यावा.

काळा रंगही शोभेसाठी नसतो. त्यात दोन ते तीन टक्के अतिशय बारीक काजळी मिसळलेली असते. ती सूर्याचे अतिनील किरण अडवते. काजळी कमी पडली किंवा नीट मिसळली नाही तर पाइप उन्हात कडक होऊन तडकतो.

गॅसचा पाइप

शहरात रस्त्याखालून येणारा पाइप गॅसचा पिवळा किंवा केशरी पाइप पीई ८० अथवा पीई १०० चा असतो. एसडीआर ११ चा पीई १०० पाइप पाण्यासाठी १६ किलोपर्यंत चालतो, पण गॅससाठी तोच दहाच्या पुढे नेत नाहीत. वस्तीतल्या लाइनला दाब साधारण चारपर्यंतच असतो. इमारतीपाशी आल्यावर पॉलिथिलीन संपते. वर चढणारा आणि घरात येणारा पाइप धातूचा असतो, कारण प्लास्टिक आगीत वितळते आणि उन्हात झिजते.

गॅसच्या पाइपाबाबत इतकी काळजी का, याचे उत्तर अमेरिकेतील एका घटनेत मिळते. १७ ऑक्टोबर १९९४ रोजी आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे गॅसचा स्फोट होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. १९७१ मध्ये पुरलेला अर्धा इंची पॉलिथिलीन पाइप लोखंडी लाइनच्या जोडापाशी तडकला होता. तो दाबाने फुगून फुटला नव्हता. जोडापाशी माती खचल्यामुळे ताण येत गेला, बारीक चीर पडली आणि ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढत गेली. १९९८ मध्ये तेथील सरकारी तपास मंडळाने जुन्या प्लास्टिक पाइपांच्या या ठिसूळपणावर स्वतंत्र अहवालच काढला. आजच्या चांगल्या ग्रेडमध्ये चीर सहज वाढू नये अशी घडण असते. तरीही पाइपाखाली टोकदार दगड राहू न देणे आणि जोडाखालची माती नीट दाबणे, ही कामे माणसांनाच करावी लागतात.

मोहल्ल्यात कोणी खड्डा खणत असेल आणि पिवळी पट्टी किंवा पिवळा पाइप दिसला तर काम तेथेच थांबवा आणि गॅस कंपनीला कळवा. या कामी आपल्या घरचा मुलगाही सावध असला पाहिजे.

जोड आणि आजार

पॉलिथिलीनला कोणताही सोल्युशन चिकटत नाही. पाइपाची दोन टोके तापलेल्या तव्यावर वितळवून एकमेकांवर दाबतात किंवा आत तार असलेली सॉकेट वीज देऊन वितळवतात. टोके स्वच्छ आणि कोरडी हवीत, आणि जोड थंड होईपर्यंत हलवायचा नाही. घाईचा जोड वरून छान दिसतो आणि आतून सुटलेला असतो. मग कोणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधतो.

ही पट्टी म्हणजे आजाराला दिलेले आमंत्रण आहे. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास येते. पाणी बंद झाले की पाइपातला दाब जातो आणि बाहेरचे गटाराचे पाणी त्याच फटीतून आत शिरते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी आपल्या घागरीत येते. कावीळ आणि जुलाब अनेकदा याच वाटेने घरात येतात. जलजीवन मिशनमध्ये २०१९ पासून ग्रामीण घरांसाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप ठरले आहे. त्या ५५ लिटरमध्ये गटाराचा एक पेलाही नको असेल तर जोडावर लक्ष हवे.

खरेदीला जाताना

१. पाइपावरचा मजकूर वाचा. पाण्याच्या पाइपावर आयएस ४९८४, गॅसच्या पाइपावर आयएस १४८८५, शिवाय ग्रेड, व्यास, बनवल्याची तारीख आणि आयएसआय चिन्हाजवळ परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो.

२. पाण्याच्या काळ्या पाइपावर लांबीभर निळ्या रेघा असतात.

३. भिंतीची जाडी व्हर्नियर कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. विज्ञान शिकणाऱ्या मुलांना सोबत न्या, त्यांचा प्रयोगही होईल.

४. वजन करा. ११० मिलिमीटरचा, १० मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला सुमारे तीन किलो भरतो आणि ६.६ मिलिमीटरचा सुमारे दोन किलो.

५. एक तुकडा कापून पाण्यात टाका. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके असते, ते तरंगते. तुकडा बुडाला तर त्यात खडूसारखी भर घातली आहे असे समजा. मात्र तरंगला म्हणून माल उत्तमच, असे नाही. भंगारही तरंगते. आतून खरबरीत, उग्र वासाचा पाइप परत करा.

६. पाइप दगडांवरून ओढू देऊ नका. भिंतीच्या दहाव्या भागापेक्षा खोल ओरखडा पडला तर तेवढा तुकडा कापून टाकतात.

७. पेट्रोल किंवा डिझेल सांडणाऱ्या जागेजवळून पिण्याचा पाइप नेऊ नका. ही तेले पॉलिथिलीनच्या भिंतीतून आत झिरपतात.

मदीनेतील रूमा विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही हकिकत आपण मुलांना अभिमानाने सांगतो. सदका-ए-जारिया म्हणजे चालू राहणारे दान. पाइप चौथ्या वर्षी फुटला तर दान तेथेच थांबते आणि देणाऱ्याच्या मागे उरतो तो रस्त्यावरचा चिखल. जमातीचा पैसा ही अमानत आहे. दुकानात उभे राहून पाइपावरची एक ओळ वाचणे आणि एक तुकडा पाण्यात टाकून पाहणे, हेही अमानत सांभाळण्यातच येते. पुढच्या बैठकीत ‘किती रुपये फूट’ विचारण्याआधी कोणीतरी ‘ग्रेड कोणता’ असे विचारावे. घरातल्या भगिनींनीही हा प्रश्न विचारावा, कारण घागर त्याच भरतात आणि आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर त्याच बसतात.