माहेर, मय्यत आणि बारा महिने

सासर विदर्भात आणि माहेर कराचीत, अशा सुना आपल्याकडे आहेत. संख्येने थोड्या, म्हणून त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. सरकार त्यांना परकीय म्हणते, मोहल्ला ‘पाकिस्तानवाली’ म्हणतो. मुशायऱ्यात फाळणीवरचा शेर ऐकून डोळे पुसणारे आमचे बुजुर्गसुद्धा, ‘बेटी, तुझ्या अर्जाचे काय झाले?’ असे विचारत नाहीत.

हे लग्न ठरवले कोणी? तिने नव्हे. चुलत-मावस नाते तुटू नये म्हणून थोरल्यांनी ठरवले. मेहर ठरला, दावत ठरली. आईला भेटायला गेली तर ही मुलगी कोणत्या कागदावर परत येणार, एवढेच ठरवायचे राहिले.

कायदा काय म्हणतो ते पाहा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाच्या पत्नीला नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची सोय मुळापासून आहे. तेव्हा त्या कलमात वास्तव्याच्या वर्षांची अट नव्हती. १९८६ मध्ये पाच वर्षांची अट आली, २००३ च्या दुरुस्तीने ती सात झाली. या सातांचा हिशोबही ऐका. अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात काढायचे आणि त्यापूर्वीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षे. म्हणजे त्या आठ वर्षांत माहेरी जाऊन यायला जागा आहे; शेवटच्या वर्षात नाही. २०१५ मध्ये एक फट ठेवली गेली : विशेष कारण असेल तर केंद्र सरकार कारण लेखी नोंदवून या बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकते. ‘देऊ शकते’ म्हणजे हक्क नव्हे, मर्जी. आईची मय्यत उठली तेव्हा लेकीने तिकीट काढायचे की मर्जीची वाट पाहायची?

आमच्या नात्यातल्या एका भाभींच्या वडिलांचे निधन झाले ते अकराव्या महिन्यात. त्या गेल्या नाहीत. फोन कानाला लावून जनाज्याची हकीगत ऐकली. ‘सब्र करो’ म्हणायला सगळे घर जमले. त्या घरात दोन पदवीधर. पण तीस दिवसांची तरतूद त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हती.

अर्ज गेला म्हणजे सुटका झाली असेही नाही. अर्ज प्रलंबित असताना बाहेर जायला कायद्याने सरसकट बंदी नाही, पण परत येण्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. त्याला ‘नोरी’ म्हणतात. पासपोर्ट जिवंत ठेवायचा तर दिल्लीला त्यांच्या उच्चायुक्तालयाचे दार. आणि मंजुरीच्या उंबरठ्यावर जुने नागरिकत्व सोडल्याचा दाखला मागतात. तो दिला की इथले नागरिकत्व मिळेपर्यंतच्या मधल्या काळात ही बाई कोणत्याच देशाची नाही. केरळातल्या दोन बहिणींनी पासपोर्ट परत केले; पण पाकिस्तानच्या कायद्यात एकवीस वर्षांखाली नागरिकत्व सोडताच येत नाही, म्हणून दाखला मिळेना. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०२४ मध्ये निकाल बाजूने लागला, २०२५ मध्ये खंडपीठाने तो फिरवला.

‘मग पाकिस्तानात जाऊच नये,’ असे काही शहाणे सांगतात. हज कमिटीचा अर्ज भारतीय पासपोर्टशिवाय भरता येत नाही, हे त्यांना माहीत आहे काय? नवरा हजला निघाला की बायकोने त्याला दारापर्यंत पोहोचवायचे!

२०१६ मध्ये नागपूरसह निवडक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना सहा धर्मांच्या अर्जदारांना नागरिकत्व देण्याचा अधिकार मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांची वाट आणखी जवळची केली, ११ मार्च २०२४ ला नियम आले. नागपुरातल्या सिंधी कुटुंबांचे त्यात भले झाले असेल तर मला आनंदच आहे. तीही फाळणीचीच लेकरे. पण भंडाऱ्याच्या घरात वीस वर्षे चूल पेटवणारी, भारतीय मुलांची आई त्या यादीत का नाही, हा प्रश्न विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे.

आणि आपण? उर्दू शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवतो. मुली मूलभूत हक्क धडाधड म्हणून दाखवतात, त्यांच्या घरात आईच्या व्हिसाची मुदत कोणी वहीत लिहून ठेवत नाही. काही नवरे सातच काय, पंधरा वर्षे झाली तरी अर्ज करत नाहीत. परकीय बायको वाद घालत नाही, हे त्यांच्या सोयीचे असते. जमातीकडे जलशासाठी वर्गणी जमते, एका वकिलाच्या फीसाठी जमत नाही.

समझौता आणि थार या दोन्ही गाड्या ऑगस्ट २०१९ पासून बंद आहेत. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीची वाट बंद झाली, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले, पण तो खुलासा येईपर्यंत भाभींनी कपड्यांची एक पिशवी भरून ठेवली होती. ती पिशवी अजून कपाटावरच आहे.