दासी की कवयित्री?

हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठी नरसी हे गाव आहे; परंपरा त्यास संत नामदेवांचे जन्मस्थान मानते. गोदातीरीचे गंगाखेड हे जनाबाईचे गाव. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा निघेपर्यंत ही दोन्ही स्थळे एकाच परभणी जिल्ह्यात होती. सरकारने जिल्हे निराळे केले. परंतु आम्ही रसिक म्हणविणाऱ्यांनी जनाबाईस नामदेवांच्या घराचा उंबरठा अद्याप ओलांडू दिलेला नाही. नामदेवांचा गौरव यथासांग झाल्यावर शेवटी ‘आणि त्यांची दासी जनी’ एवढे म्हणावयाचे, हा आमचा शिरस्ता. ह्या शिरस्त्याविरुद्धच आमची तक्रार आहे.

हिंदी भाषिकांनी मीरेस कसे वागविले ते पाहावे. मीरा मेवाडच्या राजघराण्याची सून. पण तिच्या पदांस त्या घराण्याच्या इतिहासाचे परिशिष्ट कोणी मानीत नाही. ती मीरेची पदे, एवढी ओळख पुरते. जनाबाई परंपरेप्रमाणे १३५० साली निवर्तली, म्हणजे मीरेच्या जन्मापूर्वी सुमारे दीडशे वर्षे. तिच्या नावावरील साडेतीनशेच्या आसपास अभंग मात्र बहुधा नामदेवांच्या गाथेच्या आश्रयानेच छापले गेले. राणीस स्वतंत्र आसन आणि मोलकरणीस ओसरी, हा न्याय वाङ्मयाचा नव्हे.

कोणी म्हणेल, तिनेच स्वतःस नामदेवांची दासी म्हणवून घेतले. खरे आहे. परंतु समर्थांच्या नावातच ‘दास’ आहे. म्हणून त्यांस कोणी चाकर लेखीत नाही. पुरुषाचे दास्य भक्ती ठरते आणि स्त्रीचे दास्य तेवढे नोकरी ठरते, हे कसे? नम्रता हे बोलणाऱ्याचे भूषण आहे. ऐकणाऱ्याने ते मापून पायरी ठरवावयाची नसते.

दुसरा आक्षेप पंडितांचा. ह्या अभंगांत प्रक्षेप पुष्कळ, तेव्हा जनाबाईचे नेमके किती, हे कोणी सांगावे? पण विष्णुदास नामा इत्यादिकांची रचना नामदेवांच्या गाथेतही मिसळली आहेच. त्या संशयाने नामदेवांचे कवित्व बुडाले नाही. मग जनाबाईचेच का बुडावे?

भाविकांचे प्रेमही तिला मारकच झाले आहे. विठ्ठल तिच्यासंगे दळू लागला, ही कथा कीर्तनांतून व चित्रपटांतून आम्ही इतकी ऐकली की दळणारीकडे पाहावयाचे राहून गेले. देव आला की नाही, हा वाद ज्यांस घालावयाचा त्यांनी खुशाल घालावा. दळण, कांडण, शेणी, झाडलोट हा सारा कष्टाचा संसार जनाबाईने अभंगात आणला, ह्यात मात्र वाद नाही. ती देवाशी भांडते, त्यास शिव्याही देते; डोईचा पदर खांद्यावर आला तरी भर बाजारात जाण्याची भाषा करते; स्त्रीजन्माबद्दल खंत करू नये, असे बजावते. हा स्वर दयेची याचना करणारीचा नव्हे.

२०१५ साली घुमान येथे साहित्यसंमेलन भरवून आम्ही पंजाबातील नामदेवांचे स्मरण केले, ते योग्यच झाले. गुरुग्रंथसाहेबात ज्यांची ६१ पदे आहेत, त्यांची थोरवी जनाबाईस तिचा मान दिल्याने उणी होणार नाही. आमचे मागणे फार नाही. मुलांस तिचे अभंग वाचून दाखविताना प्रथम कवयित्री जनाबाई म्हणावे. ती कोणाच्या घरी राबत होती, हे मागाहून सांगितले तरी चालेल.