द्राक्षाच्या नावावरून कुळ काढू नये

#धागा | थोडा मोठा आहे, सवडीने वाचावा.

इतिहासाच्या नवख्या अभ्यासकाला व्युत्पत्तीचा मोह फार लवकर पडतो. नावाचे दोन तुकडे करावेत, प्रत्येकाला एक अर्थ चिकटवावा, की झाला इतिहास! गावांच्या आणि आडनावांच्या बाबतीत हा खेळ आपण रोज पाहतो. स्पेनमधील द्राक्षवाणांच्या नावांवर तो फार काळ चालला, आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत डीएनए चाचण्यांनी त्यातला बराचसा डाव उधळून लावला. त्यावरून अनेकांनी 'नावे निरुपयोगी' असा निष्कर्ष काढला. तो मला मान्य नाही. नाव हा अस्सल पुरावाच असतो. मात्र तो वेलीविषयी नसून नाव ठेवणाऱ्याविषयी असतो.

प्रथम एक प्रसिद्ध कथा पाहू. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिथिया प्रांत आहे. तिथल्या पांढऱ्या द्राक्षाचे नाव अल्बारिन्यो. कथा अशी की 'अल्बा' म्हणजे पांढरे आणि 'रिन' म्हणजे ऱ्हाइन नदी. सबब बाराव्या शतकात सिस्टर्शियन भिक्षूंनी जर्मनीतील रीसलिंगची वेल इथे आणली. ऐकायला सुरेख! अडचण एवढीच की रीसलिंगचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख १४३५ सालचा आहे. ज्या वाणाची स्वतःच्या देशातली नोंद पंधराव्या शतकातली, तो बाराव्या शतकात भिक्षूंच्या झोळीत कसा आला, हा प्रश्न चाचणीपूर्वीही विचारता आला असता. पुढे डीएनएनेही हे नाते नाकारले. अल्बारिन्यो गालिथिया आणि उत्तर पोर्तुगालचाच आहे. सीमेपलीकडे त्याला अल्वारिन्यु म्हणतात.

अशा कथा एकट्यादुकट्या नाहीत. आंदालुसियातील पेद्रो हिमेनेथ हे द्राक्ष म्हणे पीटर सीमेन्स नावाच्या सैनिकाने ऱ्हाइनकाठाहून आणले. टेम्प्रानियो बर्गंडीच्या भिक्षूंनी सांतियागोच्या यात्रामार्गाने आणला. मेंथिया हा बोर्दोचा काबर्ने फ्रांक. या साऱ्या कथांतला पूर्वज उत्तरेकडूनच येतो, आणि तोही जिथल्या वाइनला बाजारात मान आहे अशाच प्रदेशातून, हे लक्षात घ्यावे. घराणे मोठे झाले की वंशावळ सूर्यवंशापर्यंत नेऊन भिडवण्याची हौस बखरींच्या वाचकाला नवी नाही. वेलींच्या वंशावळीही त्याच हौसेने लिहिल्या गेल्या.

टेम्प्रानियोचे खरे आईबाप २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. एक आल्बियो मायोर आणि दुसरा बेनेदिक्तो. दोन्ही इबेरियातलेच, आणि बेनेदिक्तो तर आज जवळपास कोणाच्याही ध्यानात नसलेला. शारेल्लो आणि माकाबेओ या कातालुन्यातील नामांकित पांढऱ्या वाणांची एक जनक वेल हेबेन निघाली. गाब्रिएल आलोन्सो दे एरेरा याच्या १५१३ च्या कास्तियन भाषेतील कृषिग्रंथात हे हेबेन नाव येते. पाचशे वर्षे ते नाव कागदावर होते. परंतु त्यात ऱ्हाइन नव्हता, बर्गंडीही नव्हती, म्हणून त्याच्याभोवती कोणी कथा रचली नाही.

आता नावांची दुसरी बाजू. 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर. टेम्प्रानियो म्हणजे लवकर पिकणारे छोटे द्राक्ष. शेतकऱ्याचे साधे निरीक्षण. हे नाव मुख्यतः रियोहा भागातले. दुएरो नदीकाठी तोच वाण 'तिंता देल पाईस', म्हणजे आपल्या मुलखाचे काळे द्राक्ष. ला मान्चात सेन्सिबेल. कातालुन्यात 'उल दे येब्रे', अर्थात सशाचा डोळा. पोर्तुगालच्या दक्षिणेत आरागोनेझ, कारण तिथल्या लोकांच्या समजुतीने तो आरागोनहून आला. वेल एकच, पण कोणी तिचा हंगाम पाहिला, कोणी मण्याचे रूप, तर कोणी ती कुठून आली ते.

मोनास्त्रेलची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. नावाचा संबंध मठाशी जोडतात. फ्रान्समध्ये हाच वाण मूर्वेद्र झाला, तर ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियात मातारो. मातारो हे बार्सेलोनाजवळचे किनाऱ्यावरील गाव. मूर्वेद्र हे नाव मुर्व्हिएद्रो या गावावरून आले असे मानतात, आणि त्या गावाचे नाव लॅटिन 'मुरी व्हेतेरेस', म्हणजे जुने तट, यावरून. ते तट कोणते? इसवी सन पूर्व २१९ मध्ये हॅनिबलने ज्याला वेढा घातला, ते सगुंटम! गावाने १८६८ मध्ये प्राचीन नाव पुन्हा धारण केले आणि ते सागुंतो झाले. मुर्व्हिएद्रो हे नाव नकाशावरून गेले. ते फ्रेंच द्राक्षमळ्यांत उरले. वेलीचा जन्म त्या गावात झाला असे यावरून मुळीच सिद्ध होत नाही. पण फ्रेंच माणसाच्या मनात ती कोणत्या गावाशी जोडलेली होती, हे कळते. व्यापाराच्या इतिहासकाराला आणखी काय हवे?

आणि आता सर्वांत दूर गेलेली वेल. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी एक काळे द्राक्ष अमेरिकेत नेले. पेरूमध्ये त्याला 'नेग्रा कोर्रिएन्ते' म्हणाले, म्हणजे सामान्य काळे. अर्जेंटिनात 'क्रिओया चिका'. क्रिओयो हा शब्द मुळात वसाहतीत जन्मलेल्या युरोपीय वंशाच्या माणसांचा; माणसांची प्रतवारी लावणारी भाषा द्राक्षालाही लागली. कॅलिफोर्नियात १७६९ पासून फ्रान्सिस्कन मिशने उभी राहिली आणि तिथे त्याचे नाव मिशन पडले. चिलीत ते 'पाईस', म्हणजे देशी. एकोणिसाव्या शतकात चिलीच्या धनिकांनी फ्रेंच वाण आणले, आणि 'देशी' या शब्दाला 'गरिबांचे' असा वास येऊ लागला. हे आपल्याला समजावून सांगायला नको.

या साऱ्या नावांमागे एकच वेल आहे, आणि ती म्हणजे स्पेनची जुनी लिस्तान प्रिएतो, हे २००७ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी डीएनएने दाखवले. स्पेनच्या मुख्य भूमीवर ती जवळजवळ नामशेष झाली होती. फिलोक्सेरा किडीची एकोणिसाव्या शतकातील साथ न पोहोचलेल्या कॅनरी बेटांवर ती टिकली. आता कल्पना करा, पूर्वीच एखाद्या नियामकाने 'गोंधळ नको' म्हणून ही सगळी नावे पुसून एकच ठेवले असते, तर? डीएनएने वेल ओळखली असती. मिशनरी, वसाहतीतली प्रतवारी आणि चिलीचा न्यूनगंड मात्र त्या चाचणीत दिसला नसता.

नियम नावांचे काय करतात, याचा नमुना कारिन्येना. हे आरागोनमधील गाव. त्यावरूनच द्राक्षाचे नाव पडले, जे फ्रान्समध्ये कारिन्यां झाले. १९३२ मध्ये कारिन्येना हे संरक्षित वाइन-क्षेत्राचे नाव झाले. मग गावाचे नाव द्राक्षासाठी इतरांनी लेबलवर वापरणे अडचणीचे ठरले, आणि कातालुन्यात त्याच द्राक्षाला सांसो म्हणू लागले. हे नाव तिथे दुसऱ्याच एका वाणासाठी, सँसोसाठी, चालत असे! बरे, खुद्द कारिन्येना क्षेत्रात आज सर्वाधिक लागवड आहे ती गार्नाचाची. नाव सुरक्षित राहिले आणि द्राक्ष बाहेर पडले.

एकसारख्या नावांची गरज मी नाकारत नाही. ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांनी अल्बारिन्यो म्हणून वर्षानुवर्षे वाढवलेल्या वेली २००९ मध्ये फ्रान्सच्या साव्हान्यां वाणाच्या निघाल्या. मूळ चूक स्पेनहून आलेल्या कलमांतच होती. रोपवाटिकेत आणि नोंदवहीत ओळख एकच, चोख हवी. १८०७ मध्ये सिमोन दे रोहास क्लेमेन्ते याने आंदालुसियातील वाणांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा त्यानेही नावावर विसंबून न राहता पानामागची लव पाहून वर्गवारी केली. तरीही गावोगावची नावे त्याने टिपून ठेवली, ही त्याची थोरवी.

आज बाजाराला एकच नाव सोयीचे वाटते. नाशिक जिल्ह्यात टेम्प्रानियोची वाइन झाली, तिच्यावरही रियोहाचेच नाव आले. तिथे दुसरे नाव असण्याचे कारणही नव्हते. परंतु ला मान्चातल्या उत्पादकाने खपासाठी सेन्सिबेल पुसून टेम्प्रानियो लिहावे, याला माझा विरोध आहे. दोन्ही नावे छापायला लेबलवर जागा असते. शाई फारशी लागत नाही.

पुढच्या वेळी 'अमुक शब्दाचा खरा अर्थ' सांगणारी पोस्ट दिसली, तर आधी पहिल्या लेखी नोंदीचे साल विचारा.

लेखनसीमा.