एका वेलांटीने हरवलेला मतदार

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलाभोवती दिसणारे दृश्य शहरी मतदाराच्या परिचयाचे आहे. हातात ओळखपत्र आहे, पत्ता बदललेला नाही, मागच्या वेळी मतदानही केले आहे. तरीही संगणकावर नाव टंकले की 'नोंद आढळली नाही' असे उत्तर येते. नाव खरोखरच वगळले गेले असेल, तर मतदाराचा संताप रास्तच ठरतो. परंतु कधी कधी नाव यादीत असते. विचारलेले नाव आणि साठवलेले नाव यांत केवळ एका वेलांटीचे अंतर असते.

आज सरकारी आणि बँकांच्या नोंदी ज्या माहितीसाठ्यांत ठेवल्या जातात, त्यांपैकी बहुतेकांना प्रश्न विचारला जातो तो 'एसक्यूएल' या भाषेत. 'आयबीएम'मधील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये तिचे मूळ रूप मांडले. १९८६ मध्ये अमेरिकेत तिला प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. या भाषेत मजकूर शोधण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. बरोबरीचे चिन्ह वापरले तर सारी अक्षरे जुळावी लागतात. 'लाइक' हा शब्द वापरला तर नुसता नमुना पुरतो. त्यात टक्क्याचे चिन्ह म्हणजे कितीही अक्षरे, अगदी शून्यही. आणि अधोरेखा म्हणजे नेमके एक अक्षर. 'कुल'पुढे टक्क्याचे चिन्ह दिले की कुलकर्णीही सापडतात आणि कुलथेही.

ही सोय इंग्रजी लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडली. देवनागरीत ती अडखळते. 'पाटील' आणि 'पाटिल' हे वाचणाऱ्याला एकच आडनाव वाटते, यंत्राला मात्र दोन. 'कि' हे आपल्यासाठी एक अक्षर. युनिकोडच्या हिशेबी 'क' आणि वेलांटी अशी दोन चिन्हे. त्यामुळे अधोरेखेची मोजणी चुकू शकते. 'कुऱ्हाडे' या आडनावातील 'ऱ्ह' तर दोन प्रकारे टंकता येतो. पडद्यावर तो सारखाच दिसतो, आतले संकेतांक मात्र वेगळे असतात. उच्चारावरून नावे जुळवणाऱ्या 'साउंडेक्स' पद्धतीचे पेटंट १९१८ चे. तीही इंग्रजी उच्चारांसाठी बेतलेली.

मग शोध सैल का करू नये? त्याची पहिली किंमत वेळेची आहे. टक्क्याचे चिन्ह नमुन्याच्या शेवटी असेल, तर शब्दकोशात पान उघडावे तशी सूची मदतीला येते. ते सुरुवातीलाच असेल, तर नेहमीची सूची निरुपयोगी ठरते आणि पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सारे चाळावे लागते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात ९ कोटींहून अधिक मतदार होते, हे लक्षात घेतले की या चाळणीचा भार कळतो.

दुसरी किंमत अधिक गंभीर आहे. अमेरिकेत २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी फ्लोरिडा राज्याने गुन्हेगारांच्या यादीशी मतदारांची नावे ताडून पाहिली. आडनावातील ८० टक्के अक्षरे जुळली तरी पुरे, असा सैल निकष लावला गेला आणि निरपराध नागरिकांची नावेही संशयितांच्या यादीत आली. त्या राज्याचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला. याच्या उलट प्रकार जॉर्जियात घडला. अर्जातील तपशील सरकारी नोंदींशी तंतोतंत जुळलाच पाहिजे, या २०१७ च्या कायद्यामुळे ऑक्टोबर २०१८ मध्ये सुमारे ५३ हजार अर्ज प्रलंबित होते. नावातील एखादी जोडरेषाही आड येत होती. ओळखपत्र दाखवून मतदानाची मुभा या अर्जदारांना होती. तथापि टीकेनंतर २०१९ मध्ये हा नियम बराच शिथिल करावा लागला.

एके ठिकाणी निकष सैल, दुसरीकडे घट्ट. भुर्दंड मात्र दोन्हीकडे नागरिकालाच. म्हणजेच दोष केवळ नमुन्याचा नव्हे, तर त्याच्या उत्तराला निकाल मानण्याचा आहे. मतदाराला त्याचे नाव शोधून देताना जाळे जितके सैल तितके चांगले. चार जादा नावे दिसली तर तो त्यातून स्वतःचे नाव ओळखतो. नाव वगळताना मात्र यंत्राचे उत्तर हे चौकशीचे निमित्त असावे, आदेश नव्हे. मतदार त्या भागात राहत नाही किंवा तो पात्र नाही, या कारणांवरून नाव काढण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० चे कलम २२ सांगतेच.

शोधयंत्रणा उभारणाऱ्यांनी ऱ्हस्व-दीर्घाचे भेद आणि एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेतांक आधीच एकरूप करून घेतले, तर बरीच तक्रार मिटेल. तोपर्यंत नावाऐवजी मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने शोध घेणे हाच सुरक्षित मार्ग. क्रमांकाला वेलांटी नसते.