पाहुणे देशाचे, दाणे आमचे



थंडी पडली की कारंजा-सोहोळच्या अभयारण्याकडे शहरातली एखाददुसरी गाडी वळते. गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसे पहाटेपासून गवतात गुपचूप बसून राहतात. ती पाखरे पाहायला आली आहेत म्हटले की आपली पोरे हसतात. पाखरे तर आपण रोजच पाहतो, हातात गोफण घेऊन!

पण ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. त्या दुर्बिणीत जे दिसते त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे एकदा नीट मांडले पाहिजे.

हे अभयारण्य २००० साली काळविटासाठी जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम १८ चौरस किलोमीटर. ही हद्द कागदावर आहे. काळवीट ती मानत नाही, मग पंख असलेले कशाला मानतील? अभयारण्यात दिसणारी पाखरे चरतात ती चहूबाजूंच्या वावरात.

भोरडीचेच घ्या. खरिपाची ज्वारी दाण्यात भरते तेव्हा पहिले थवे उतरतात आणि रब्बीच्या हुरड्यापर्यंत मुक्काम ठोकतात. ही भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियात असते. तिथे ती टोळ आणि नाकतोडे खाते. चीनच्या शिनज्यांग प्रांतात तर सरकारने तिच्यासाठी घरटी बांधून दिली, कारण ती टोळांचा बंदोबस्त करते. पाखरू तेच, तिथे राखणदार, इथे चोर. आम्ही तिला दोष देत नाही. ज्या मुलखात जे मिळेल ते ती खाते.

एके काळी साऱ्या शिवारात ज्वारी होती. भोरडीचा घास हजार एकरांत वाटला जाई आणि कोणाला जड जात नसे. ज्वारीला भाव मिळाला नाही, राखणीची मजुरी परवडेना, आणि शिवार सोयाबीनकडे गेले. आता गावात एकट्यादुकट्याची ज्वारी असते आणि सारे थवे त्याच्याच वावरात उतरतात. वैतागून तोही पुढच्या साली ज्वारी सोडतो. मग घरची भाकर गेली, बैलांचा कडबा गेला. पाखरांनी ज्वारी संपवली असे म्हणणे सोपे आहे. खरे तर भावाने ती कमी केली. पाखरांनी उरल्यासुरल्यावर हात मारला.

जमेची बाजूही लिहू, नाहीतर हिशेब खोटा ठरेल. हिवाळ्यात माळावरून संथपणे घिरट्या घालणारा भोवत्या कझाकस्तानकडून येतो, नाकतोडे आणि उंदीर खातो, रात्री गवतातच जमिनीवर उतरतो. कपाशीत ज्वारीचे तास टाकण्याची जुनी रीत होती. त्या कणसांवर आलेली पाखरे कपाशीवरच्या उघड्या अळ्याही टिपत. बोंडात शिरलेली गुलाबी अळी मात्र त्यांच्या चोचीला लागत नाही, हेही खरे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात उत्तर अमेरिकेतून येणारे हजारो ससाणे शेतांत मरून पडले. नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले होते आणि ससाण्यांनी तेच नाकतोडे खाल्ले. या औषधाचे नाव आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हाही हे नाव पुढे आले होते. जे विष पाखराला मारते ते पाठीवर पंप घेतलेल्या माणसालाही सोडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. पाखरे देशाची संपत्ती असतील तर त्यांच्या चाऱ्याचा खर्चही देशाने उचलावा. रानडुकराने किंवा हरणाने पीक खाल्ले तर भरपाईचे नियम आहेत. ती वेळेवर आणि पुरेशी मिळावी. त्याच धर्तीवर थव्यांनी खाल्लेल्या ज्वारीचाही पंचनामा व्हावा. अभयारण्याच्या धुऱ्याला लागून जो ज्वारी पेरील त्याला एकरी मोबदला मिळावा. पाहुण्यांना दाखवायची पाखरे त्याच्याच दाण्यावर जगतात.

आणि आपल्याकडून काय? माळावरचे गवत जाळायचे नाही. दाण्यांत विष कालवायचे नाही. पाखरांबरोबर कोंबड्या आणि गुरेही जातात, शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आपणच अडकतो. आणि ज्वारी पेरायची तर दहा-वीस जणांनी लागून पेरायची, म्हणजे घासही वाटला जाईल आणि राखणही.

मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांची सांगड घालून राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात दुर्बीणवाल्यांना आणि अधिकाऱ्यांना आपण आपल्या वावरात बोलवू. पाखरे तिथेही दिसतील. शिवाय रिकामी कणसे दिसतील, ती अभयारण्यात दिसत नाहीत.