तीन टिंबे आणि सत्तर उल्लेख

ऐतिहासिक प्रणयकादंबरी, म्हणजे खरा काळ आणि खरे राजेरजवाडे पार्श्वभूमीला ठेवून कल्पित स्त्रीपुरुषांच्या प्रेमाची कथा सांगणारी कादंबरी, वाचकांनी कितीही डोक्यावर घेतली तरी समीक्षेने तिला उंबऱ्याच्या आत फारसे येऊ दिले नाही. या नकारात वाङ्मयीन कारणे किती आणि बाईने काय लिहावे याविषयीच्या समजुती किती, हे तपासायचे असेल तर अमेरिकन लेखिका कॅथलीन विन्सर यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. त्यांच्या ‘फॉरएव्हर अँबर’ या पहिल्याच कादंबरीची १९४४ साली पहिल्या आठवड्यात १ लाख प्रतींची विक्री झाली, पुढे हा आकडा ३० लाखांच्या वर गेला, आणि त्याच काळात अमेरिकेतल्या १४ राज्यांनी तिच्यावर बंदी घातली. विक्री आणि बंदी या दोन गोष्टींबद्दल पुष्कळ लिहिले गेले. ज्या पुस्तकामुळे हे सारे घडले त्याचे वाचन मात्र फार थोड्यांनी गांभीर्याने केले, आणि त्याची किंमत लेखिकेला आयुष्यभर मोजावी लागली.

विन्सर यांचा जन्म १९१९ साली मिनेसोटा राज्यातल्या ऑलिव्हिया या गावी झाला आणि त्या कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे वाढल्या. तिथल्या विद्यापीठात शिकत असतानाच १९३६ साली त्यांनी रॉबर्ट हर्विग या नावाजलेल्या फुटबॉलपटूशी लग्न केले. हर्विग इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्यावर प्रबंध लिहीत होते, त्यासाठी आणलेली पुस्तके घरात पडलेली असत, आणि ती चाळता चाळता विन्सर यांना त्या काळाने असे काही झपाटले की पुढची पाच वर्षे त्यांनी त्याच अभ्यासात घालवली. या अवधीत त्यांनी त्या कालखंडावरची ३५६ पुस्तके वाचली असे सांगितले जाते. कादंबरीचे खर्डे त्यांनी पुन्हा पुन्हा लिहून काढले आणि प्रकाशकाने बरीच काटछाट केल्यावरही छापील पुस्तक ९७२ पानांचे झाले. पंचविशीतल्या एका तरुणीने कोणत्याही संशोधनसंस्थेच्या पाठबळाशिवाय केलेले हे काम आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. कारण पुढे जाहिरातींत तिच्या अभ्यासापेक्षा तिच्या रूपाचाच अधिक गवगवा झाला, आणि तिच्यावर तुटून पडलेल्या टीकाकारांनीही तोच धागा पकडला.

कादंबरीचा काळ इंग्लंडच्या इतिहासात ‘रेस्टोरेशन’ म्हणून ओळखला जातो. १६४९ साली पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद करून इंग्लंडने राजसत्ता मोडीत काढली आणि १६६० साली त्याच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, परत बोलावून ती पुन्हा स्थापन केली, म्हणून हे ‘पुनःस्थापना’ अशा अर्थाचे नाव. मराठी वाचकाला हा राजा परका नाही. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा हिच्याशी ठरलेल्या त्याच्या विवाहाच्या १६६१ सालच्या तहात मुंबई बेट आंदण म्हणून दिले गेले, आणि १६६८ साली त्याने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. दरबारात उपेक्षा सोसणारी हीच राणी कॅथरीन या कादंबरीतही वावरते, आणि मुंबईच्या इतिहासात एका ओळीपुरत्या भेटणाऱ्या या बाईला तिथे निदान मन आहे, मत्सर आहे आणि मानहानीची जाणीव आहे.

नायिका अँबर ही एसेक्समधल्या खेड्यात शेतकरी कुटुंबात वाढलेली, आपल्या जन्माचे रहस्य ठाऊक नसलेली सोळा वर्षांची मुलगी. राजाच्या पुनरागमनाबरोबर गावातून जाणाऱ्या ब्रूस कार्ल्टन या सरदारावर ती भाळते आणि त्याच्यामागे लंडनला येते. ब्रूस तिला गरोदर सोडून समुद्रावर निघून जातो आणि तिथून तिची खरी कहाणी सुरू होते. एक भामटा तिच्याशी लग्न करून तिचे पैसे घेऊन पसार होतो, कर्जापायी ती न्यूगेटच्या तुरुंगात पडते, एका वाटमाऱ्याच्या आश्रयाने बाहेर येते, रंगभूमीवर नटी होते, एका वृद्ध धनाढ्य व्यापाऱ्याशी लग्न करून त्याच्या संपत्तीची वारस होते, पुढे एका उमरावाची पत्नी आणि शेवटी राजाची अंगवस्त्र आणि डचेस होते. मनात मात्र अखेरपर्यंत ब्रूसच राहतो, आणि ब्रूस तिच्याशी कधीच लग्न करत नाही, कारण त्याला आपल्या कुळाला शोभेल अशी पत्नी हवी असते.

या घटनाक्रमाकडे केवळ शय्यागृहांची रांग म्हणून पाहणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट म्हणजे त्यातला पैशाचा हिशेब. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात ‘कव्हर्चर’ नावाची संकल्पना होती. तिच्यानुसार लग्न होताच स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होई, तिची रोकड आणि चीजवस्तू त्याची होई, आणि विधवा झाल्यावरच तिला आपल्या नावाने व्यवहार करण्याची मुभा मिळे. भामट्या नवऱ्याने अँबरला लुबाडणे ही कादंबरीतली योगायोगाची खेळी नाही, कायद्याने त्याला दिलेली ती सवलत आहे. आणि म्हाताऱ्या व्यापाऱ्याशी केलेले लग्न हा लोभ असला तरी विधवेच्या पदरात पडणाऱ्या स्वातंत्र्याचा तो सरळ सौदा आहे. नटी होणे हेदेखील सहज सुचलेले वळण नव्हे: इंग्लंडच्या सार्वजनिक रंगभूमीवर स्त्रियांनी भूमिका करायला सुरुवात झाली तीच १६६० नंतर, त्याआधी स्त्रीभूमिका मुलगे करत. बालगंधर्वांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला या बदलाचे महत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. विन्सर यांच्या अभ्यासाचे चीज होते ते अशा ठिकाणी, कारण तिथे इतिहास पात्रांच्या मागे पडद्यासारखा टांगलेला राहत नाही, तो त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होऊन समोर येतो.

कादंबरीचा सर्वांत कसदार भाग म्हणजे १६६५ सालच्या लंडनमधल्या प्लेगची प्रकरणे. त्या साथीत अधिकृत नोंदींनुसार ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि खरा आकडा १ लाखाच्या आसपास असावा असे इतिहासकार मानतात. रोगी सापडलेल्या घराला बाहेरून कुलूप ठोकायचे, दारावर तांबडा क्रूस रंगवायचा आणि निरोगी माणसांसकट सगळ्यांना ४० दिवस आत कोंडायचे, असा तेव्हाचा नियम होता. समुद्रावरून परतलेला ब्रूस तापाने फणफणतो, त्याला गाठ आलेली दिसते, आणि एरवी आरशापुढून न हलणारी अँबर बंद घरात त्याची घाण काढते, चुलीपुढे उभी राहते, सेवेसाठी पाठवलेल्या लोभी म्हाताऱ्या दाईवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवते. तो बरा होतो तेव्हा ती आजारी पडते आणि शुश्रूषेची पाळी त्याच्यावर येते. या पानांत प्रणय जवळपास नाही. घाम आहे, ओकारी आहे, शिळे अन्न आहे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रेतांच्या गाडीची घंटा आहे. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगची आणि घरोघरच्या झडत्यांची स्मृती ज्या समाजात लेखांतून आणि घरातल्या बोलण्यातून जिवंत राहिली, त्या समाजातल्या वाचकाला ही पाने अगदी जवळची वाटतील.

सरकारी दफ्तरात या पुस्तकाचे जे मोजमाप झाले त्यात या पानांना जागाच नव्हती. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या महाधिवक्त्यांनी आक्षेपार्ह मजकुराची मोजदाद करून आकडे मांडले: संभोगाचे ७० उल्लेख, अनौरस गर्भधारणा ३९, गर्भपात ७, पुरुषासमोर वस्त्रे उतरवणाऱ्या स्त्रियांची वर्णने १०. विन्सर यांनी पुढे सांगितले की त्यांनी खरोखरीचे शृंगारिक असे दोनच उतारे लिहिले होते आणि प्रकाशकांनी तेही काढून त्यांच्या जागी टिंबे छापली. कोणत्याही कादंबरीत दार लागते आणि ओळीच्या शेवटी तीन टिंबे येतात तेव्हा पुढचे सारे वाचक आपल्या मनात लिहितो, आणि मोजणाऱ्या अधिकाऱ्यांनी मोजले ते बहुतांशी हेच. ३९ गर्भधारणांचा आकडा तर त्या समाजाबद्दलच बोलतो: संततिनियमनाचे भरवशाचे साधन हाती नसलेल्या काळातल्या स्त्रियांविषयी लिहिताना गर्भधारणा वगळली असती तर ते असत्य ठरले असते.

खटल्याची रीतही विलक्षण होती. मॅसॅच्युसेट्सच्या त्या वेळच्या नव्या कायद्यानुसार लेखक किंवा विक्रेत्याऐवजी थेट पुस्तकावरच दावा लावता येई, त्यामुळे दप्तरी या खटल्याचे नाव ‘महाधिवक्ता विरुद्ध फॉरएव्हर अँबर नावाचे पुस्तक’ असे आहे. पुस्तकाच्या वाङ्मयीन, सांस्कृतिक व शैक्षणिक मूल्याबद्दल जाणकारांची साक्ष घेण्याची तरतूदही त्या कायद्यात होती. न्यायमूर्ती फ्रँक डोनाह्यू यांनी पुस्तक अश्लील नसल्याचा निर्णय दिला, पण तो देताना ते वाचकाला कामोत्तेजित करण्यापेक्षा झोपी घालणारे आहे असे म्हटले, आणि हा शेराच पुढे निकालापेक्षा अधिक गाजला. १९४८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय कायम केला. कामप्रसंगांची रेलचेल कंटाळा यावा इतकी आहे असे नोंदवूनही त्या न्यायालयाने कादंबरीला ऐतिहासिक हेतू आहे आणि तो पुरेशा अचूकपणे साधला आहे, हे स्पष्ट शब्दांत मान्य केले. विन्सर यांच्या पाच वर्षांच्या अभ्यासाला इतकी सरळ दाद वाङ्मयाच्या व्यासपीठावरून क्वचितच मिळाली होती. मराठीत चंद्रकांत काकोडकर या अफाट वाचल्या जाणाऱ्या कादंबरीकाराच्या वाट्याला असेच काहीसे आले: ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ या कथेवरचा अश्लीलतेचा खटला थेट दिल्लीपर्यंत गेला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. काकोडकरांच्या लेखनाची चिकित्सा मराठी समीक्षेने त्यानंतर किती केली, याचेही उत्तर उत्साहवर्धक नाही.

कायद्याने सोडलेली अँबर चित्रपटसृष्टीने मात्र सोडली नाही. ऑटो प्रेमिंजर यांनी दिग्दर्शित केलेला आणि लिंडा डार्नेल यांनी नायिकेची भूमिका केलेला चित्रपट १९४७ साली आला, आणि चित्रपटांच्या नैतिकतेवर नजर ठेवणाऱ्या ‘लीजन ऑफ डीसन्सी’ या कॅथलिक संघटनेने तो निषिद्ध ठरवला. मूळ कादंबरीच्या शेवटी अँबर ब्रूसच्या ओढीने अमेरिकेला जाणाऱ्या जहाजाकडे निघते. त्याची पत्नी वारल्याची खबर खोटी आहे हे वाचकाला ठाऊक असते, तिला नसते, पण ती चालती असते. चित्रपटात ती खिडकीशी एकटी उभी राहून ब्रूस आणि आपला मुलगा दूर जाताना पाहते. या दोन शेवटांमधले अंतर हेच या साऱ्या वादाचे मूळ आहे. पापाचे वर्णन त्या काळच्या अमेरिकेला चालत होते, पापिणीला दिलेली शिक्षा दिसली म्हणजे झाले. विन्सर यांनी ती शिक्षा पुरती लिहिली नाही.

या कादंबरीचे दोष लपवण्याचे कारण नाही. अँबरचे मन बाराव्या प्रसंगात पहिल्या प्रसंगाइतकेच ओळखीचे राहते, अनुभवाने ती धूर्त होते पण सखोल होत नाही. दरबारातली कारस्थाने कुजबुजीच्या पातळीवर धावतात आणि वर्णनांची पुनरावृत्ती थकवते. त्याहून गंभीर म्हणजे ब्रूसची भरभराट व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या मळ्यांवर उभी राहते आणि अँबरच्या दिमतीला एक कृष्णवर्णीय मुलगा शोभेच्या वस्तूसारखा येतो, तरी गुलामगिरीकडे ही कादंबरी थबकून पाहत नाही. लग्नाच्या बाजारातली बाईची किंमत इतक्या नेमकेपणाने मांडणाऱ्या लेखिकेने खुल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या माणसांची किंमत मांडू नये, ही उणीव महाधिवक्त्यांच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी आहे, आणि तिच्याबद्दल कोणी खटला भरला नाही.

पहिल्या यशानंतरच्या विन्सर यांच्या वाटचालीकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९५० साली आलेल्या ‘स्टार मनी’मध्ये त्यांनी एका ऐतिहासिक कादंबरीने रातोरात श्रीमंत आणि प्रसिद्ध झालेल्या तरुण लेखिकेचीच कथा लिहिली. स्वतःच्या कीर्तीकडे इतक्या लवकर आणि इतक्या कठोरपणे पाहणारे लेखक थोडे असतात, पण परीक्षकांना त्यात दुसरी अँबर हवी होती आणि ती नव्हती. पुढे १९६५ च्या ‘वाँडरर्स ईस्टवर्ड, वाँडरर्स वेस्ट’पासून १९८६ च्या ‘रॉबर्ट अँड ॲराबेला’पर्यंत त्या लिहीत राहिल्या. प्रत्येक नव्या पुस्तकाची तुलना त्याच्या विषयाशी न होता १९४४ च्या खपाशी झाली. २००३ साली न्यू यॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मृत्युलेखांतही अँबरच पुढे होती.

ज्यांना ९७२ पाने एकदम पेलणार नाहीत त्यांनी प्लेगची प्रकरणे आधी वाचावीत. तिथे टिंबे शोधूनही फारशी सापडत नाहीत, कारण माणूस मरणाच्या दारात असताना काय करावे लागते ते विन्सर यांनी पूर्ण वाक्यांत लिहिले आहे.