चिन्ह कां फिरतें?

आमच्या विद्यार्थ्यांस समीकरण आवडतें, असमता आवडत नाहीं. समीकरणाचें उत्तर एक आलें, त्याखालीं दोन रेघा ओढल्या, कीं मोकळें होतां येतें. असमतेचें उत्तर म्हणजे बहुधा अनंत संख्यांचा समुदाय. त्याला भिऊन मुलें नियम पाठ करितात, आणि यांत दोष आम्हां शिक्षकांचा आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. 'ऋण संख्येनें गुणिलें कीं चिन्ह फिरवा' एवढा मंत्र देऊन आम्ही पुढें जातों. 'कां फिरतें?' असें एका मुलानें मला पूर्वीं विचारलें असतां 'नियम आहे' म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. तें मला अद्यापि बोचतें.

वास्तविक फळ्यावर एक आडवी रेघ काढून मध्यें शून्य मांडावें. ५ ही संख्या २ च्या उजवीकडे आहे. दोहोंस −१ नें गुणिलें म्हणजे त्या शून्याच्या पलीकडे जातात. ५ शून्यापासून अधिक दूर होती, म्हणून −५ हीहि अधिक दूर, म्हणजे −२ च्या डावीकडे पडते. चिन्ह आपण फिरवीत नाहीं. संख्यांचाच क्रम उलटतो. आतां −२क्ष + ७ < १ हें उदाहरण घ्या. प्रथम −२क्ष < −६, आणि म्हणून क्ष > ३. मंत्र विसरलेल्यानें क्ष = ४ घालून पाहावें; −१ येतो, तो १ हून लहान, तेव्हां उत्तर उजवीकडेच. क्ष = ३ घातल्यास बरोबर १ येतो; म्हणून ३ वरील वर्तुळ पोकळ ठेवावें.

पोकळ कीं भरीव, हा भेद क्षुल्लक नव्हे. दहावीस विषयांत १०० पैकीं ३५ गुणांनीं मूल उत्तीर्ण होतें, म्हणजे क्ष ≥ ३५, वर्तुळ भरीव. तें पोकळ असतें, तर नेमके ३५ मिळविणाऱ्याच्या घरीं त्या दिवशीं कोणास जेवण गोड लागलें असतें? (गुण मात्र पूर्णांकांत मिळतात, तेथें सलग रेघ न ओढतां सुटे ठिपकेच द्यावे.) मताधिकाराची वयोमर्यादा १९८९ सालीं २१ वरून १८ वर आली, वय अखंड वाढत असल्यानें तेथें सलग रेघ शोभते.

मुलें अडखळलीं तर रागावूं नये. रॉबर्ट रेकॉर्डनें समतेचें चिन्ह १५५७ सालीं छापलें. > व < हीं चिन्हें थॉमस हॅरिअटच्या ग्रंथांत १६३१ सालीं आलीं, तींहि तो वारल्यावर दहा वर्षांनीं.

पुढील सत्रापासून माझ्या वर्गांत रेघ आधीं व नियम मागाहून. उत्तरांतील एखादी संख्या घालून पडताळा दाखविला नाहीं, तर उत्तर बरोबर असूनहि एक गुण जाईल, हें मुलांनीं आतांच ऐकून ठेवावें.